चित्र नीट दिसतंय का?

मंडळी, बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मध्यंतरी दोन्ही डोळ्यांची मोतीबिंदूची ऑपरेशनं झाली, त्यामुळे लिहिणं आणि तुमचं लिखाण वाचणं दोन्ही मागे पडलं होतं. आता सगळं ठीक आहे. काळजीनं फोन करणाऱ्या सगळ्यांना एकदमच सांगून टाकते, म्हणजे पुन्हा पुन्हा तेच सांगायला नको.

आजचा विषय जरा यंत्राचा आहे. प्रोजेक्टर! "काकू, तुम्ही आणि प्रोजेक्टर?" असं आमच्या घरातल्या तरुण मंडळींनी विचारून झालेलं आहे, तेव्हा तुम्ही नाही विचारलंत तरी चालेल. मी मराठी आणि भूगोल शिकवणारी बाई. मराठी माध्यमातून बी.ए. झालेली. विजेच्या उपकरणांशी माझा संबंध मिक्सरपुरता. तरीही गेल्या वर्षभरात मी या एका यंत्राच्या इतकी मागे लागले, की त्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही.

वाईजवळच्या ज्या गावात आम्ही राहतो, तिथल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत मी आठवड्यातून एकदा मुलांना गोष्टी वाचून दाखवायला जाते. शाळा सातवीपर्यंत. तिथे कपाटात एक प्रोजेक्टर होता. २०१५ साली 'प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र' कार्यक्रम सुरू झाला, त्यानंतर गावोगावी शाळा 'डिजिटल' करायची लाट आली. पुष्कळ ठिकाणी ती लोकवर्गणीतून आली. आमच्या गावानेही वर्गणी काढली. बागायतदारांनी हजारांत दिले, पुण्या-मुंबईतल्या चाकरमान्यांनी दिले, आणि दुसऱ्याच्या रानात खुरपायला जाणाऱ्या बायकांनी एकेका दिवसाची मजुरी दिली. त्यातली एक आमच्याकडे कामाला यायची. तिने दोनशे रुपये दिले होते, आणि ते तिने मला दोनदा सांगितलं होतं. तिची नात त्या शाळेत आहे.

पण प्रोजेक्टर आला, त्याची पूजा झाली, नारळ फुटला, काही महिने तो चालला आणि मग कपाटात गेला. बाहेर यायचा तो पंधरा ऑगस्टला. बिघडला होता म्हणावं तर तसंही नाही. तक्रार एकच, "नीट दिसत नाही." मुलं पाच मिनिटांत चुळबुळ करायला लागायची, मागची तर सरळ एकमेकांच्या खोड्या काढायची. गुरुजी म्हणायचे, यापेक्षा फळा बरा. नवीन मुख्याध्यापक सर आले, त्यांनी कपाट उघडलं आणि मला म्हणाले, "बाई, तुम्हाला वेळ असतो. जरा बघता का याचं काय करायचं ते?"

मला यंत्रातलं कळत नव्हतं, पण फळ्यातलं कळत होतं. आमच्या वेळी नव्या शिक्षकाला एक गोष्ट आवर्जून सांगत. फळ्यावर लिहून झालं की खडू ठेवायचा, वर्गाच्या मागे जाऊन उभं राहायचं आणि आपलंच अक्षर वाचून बघायचं. लिहिणाऱ्याला ते हातभर अंतरावरून दिसतं, मुलाला वीस फुटांवरून. प्रोजेक्टरचंही तेच आहे, हे माझ्या पहिल्याच दिवशी लक्षात आलं. तो लावणारा माणूस यंत्राशेजारी उभा राहून रिमोटची बटणं दाबतो, आणि त्याला तिथून जे दिसतं त्यावर समाधान मानतो. चित्र मात्र दिसायला हवं असतं शेवटच्या बाकावरच्याला. तेव्हा मी शेवटच्या बाकावर जाऊन बसले, आणि तिथून सगळी दुरुस्ती सुरू केली. ती ज्या क्रमाने केली त्याच क्रमाने सांगते, कारण यात क्रमाला फार महत्त्व आहे.

सगळ्यात आधी खोली. प्रोजेक्टर प्रकाश टाकू शकतो, अंधार टाकू शकत नाही. ऐकायला बाळबोध वाटतं, पण निम्मं शास्त्र यातच आहे. पडद्यावर आपल्याला जो काळा रंग दिसतो तो यंत्रातून येत नाही. त्या जागी यंत्र जवळजवळ काहीच टाकत नाही, आणि मग ती भिंत मुळात जितकी काळोखी असेल तितकाच तो 'काळा' काळा दिसतो. खिडकीतून ऊन आलेल्या भिंतीवर काळा रंग राखाडीच राहणार, मग तुम्ही मेनूत काहीही करा. आमच्या वर्गाची एक खिडकी बरोब्बर चित्राच्या भिंतीवर उजेड फेकत होती. तिला जुन्या सतरंजीचा पडदा केला. भिंतीजवळची ट्यूब बंद ठेवायची आणि मागची चालू, म्हणजे मुलांना वहीत लिहिताही येतं. पूर्ण काळोख करायची गरज नसते. फक्त चित्रावर पडणारा परका उजेड अडवायचा.

मग भिंत. आपल्याकडे शाळेच्या भिंतींना पोपटी, पिवळा, आकाशी असे उत्साही रंग असतात. आमची पिस्ता होती, त्यामुळे गांधीजीसुद्धा पिस्ता रंगाचे दिसायचे. काही यंत्रांत रंगीत भिंतीसाठी किंवा फळ्यासाठी वेगळी सोय असते आणि ती थोडीफार भरपाई करतेही. पण पांढऱ्या डिस्टेंपरचा एक चौकोन रंगवून घेणं हा त्याहून सोपा आणि पक्का उपाय. मात्र ऑइल पेंट नको. तो चकाकतो आणि मधोमध दिव्याचा गोळा दिसायला लागतो. मार्करने लिहायच्या पांढऱ्या गुळगुळीत फळ्याचंही तेच होतं. पुढच्या बाकावरच्यांच्या डोळ्यांवर तिरीप येते.

तिसरी गोष्ट अंतर. यंत्र जितकं मागे न्याल तितकं चित्र मोठं होतं, आणि चित्र मोठं झालं की गावाला आनंद होतो. आमच्याकडे ते आठ फूट रुंद लावायचे. पण दिव्याकडे प्रकाश ठरावीकच असतो, तोच मोठ्या जागेवर पसरायचा. पोळी मोठी लाटली की पातळ होते, त्यातलाच प्रकार. चित्राची रुंदी दुप्पट केली की क्षेत्रफळ चौपट होतं आणि उजेड पाव होतो. आम्ही आठ फुटांवरून सहा फुटांवर आलो. आठाचा वर्ग चौसष्ट, सहाचा छत्तीस. म्हणजे त्याच दिव्यात उजेड जवळजवळ पावणेदोन पट झाला, एक पैसा खर्च न करता! फार लहानही करून चालत नाही. वाचायचा मजकूर असेल तर शेवटच्या माणसाच्या अंतराच्या निदान सहाव्या हिश्शाइतकी चित्राची उंची असावी, असा एक जुना ठोकताळा आहे. आमचा शेवटचा बाक भिंतीपासून बावीस फुटांवर, म्हणजे पावणेचार फूट उंची पुरे. आमचं चित्र सहा बाय साडेचार फुटांचं आहे, म्हणजे हिशोबात बसलं. हे गणित मी सातवीच्या मुलांकडूनच करून घेतलं. क्षेत्रफळ हा धडा इतक्या चटकन कळलेला मी यापूर्वी पाहिला नव्हता.

यानंतर येतं ते चित्राचं वाकडेपण. यंत्र टेबलावर ठेवायचं, चित्र खाली येतं म्हणून पुढच्या बाजूला दोन हजेरीपटं सरकवायची, ही आपली सार्वत्रिक पद्धत. यंत्राने असं तोंड वर केलं की चित्र वरच्या बाजूला रुंद आणि खाली निमुळतं होतं. वाड्याच्या कमानीत माथ्यावर मधोमध जो पाचरीसारखा दगड बसवलेला असतो, त्याचा आकार असाच असतो. त्याला इंग्रजीत कीस्टोन म्हणतात, म्हणून या दोषाचंही तेच नाव पडलं. रिमोटवर कीस्टोनचं बटण असतं आणि ते दाबलं की चित्र चौकोनी होतं. पण होतं कसं, तर वरचा भाग दाबून! आमच्या यंत्राच्या चित्रात १०२४ बाय ७६८, म्हणजे सुमारे ७ लाख ८६ हजार ठिपके आहेत. कीस्टोन वापरला की त्यातले काही ठिपके बाजूला बसवले जातात आणि उरलेल्यांत सगळा मजकूर कोंबला जातो. अक्षरांच्या कडा खरखरीत होतात. म्हणून आधी यंत्र सरळ ठेवायचं, भिंतीला काटकोनात. टेबलावर ठेवायच्या बहुतेक यंत्रांचं भिंग असं बसवलेलं असतं, की यंत्र सपाट ठेवलं तरी चित्र वरच्या अंगाला जातं. तेव्हा भिंग चित्राच्या खालच्या कडेच्या आसपास येईल अशा उंचीवर यंत्र ठेवलं की पुष्कळदा हजेरीपटंही लागत नाहीत आणि कीस्टोनही लागत नाही. आम्ही टेबलाच्या चार पायांखाली चार विटा दिल्या. कीस्टोन शून्यावर!

तुम्हाला आठवत असेल, आपल्या लहानपणी सरकारी प्रचाराची गाडी गावात यायची आणि चावडीपुढे पांढरं कापड ताणून सिनेमा दाखवायची. जागा कमी म्हणून निम्मा गाव कापडाच्या मागच्या बाजूला बसायचा. त्यांना सगळे नट डावखुरे दिसायचे आणि अक्षरं उलटी. आजच्या यंत्राच्या मेनूत त्याचीही सोय आहे. पडद्याच्या मागून दाखवायचं असेल तर चित्र उलटवता येतं, छताला उलटं टांगलं तर डोकं खाली करून घेता येतं. एकदा कुणीतरी चुकून ते बटण दाबलं आणि महाराष्ट्राचा नकाशा असा उलटला की कोकण पूर्वेला गेलं. मुलांना तो दिवस फार आवडला.

आता भिंग. भिंगावर दोन कडी असतात, एक झूमचं आणि एक फोकसचं. आधी झूम, मग फोकस, कारण झूम हलवला की फोकस बिघडतो. आणि हे काम यंत्र चालू केल्याकेल्या करू नये. दहा-पंधरा मिनिटं गेली, आतला भाग तापला, की फोकस किंचित सरकतो. म्हणून तोवर वाट बघावी, किंवा नंतर एकदा पुन्हा बघावं.

फोकस बघायचा कशावर? हा मला मोठा प्रश्न पडला. यंत्रासोबतची चाचणीची चित्रं म्हणजे रेघा आणि चौकटी. त्या स्पष्ट दिसल्या तरी मराठी स्पष्ट दिसेलच असं नाही. आपल्या लिपीत डोक्यावर टिंब असतं, रफार असतो, खाली उकार असतो, आणि एवढ्याशा ठिपक्यात अर्थ दडलेला असतो. मागच्या बाकावरून अनुस्वार दिसला नाही तर 'चिंता' ची 'चिता' होते! म्हणून मी स्वतःचं एक चाचणीपान तयार केलं. त्यात घ आणि ध, भ आणि म, थ आणि य, ब आणि व, ख आणि रव अशा जोड्या लिहिल्या. खाली शब्द लिहिले: चिंता-चिता, मंद-मद, वंश-वश, दिन-दीन. असे शब्द पानाच्या मधोमध आणि चारही कोपऱ्यांत. मागच्या बाकावरच्या मुलाने ते मोठ्याने वाचायचे आणि पुढच्याने कडं फिरवायचं. मध्ये अडलं की थांबायचं, किंचित मागे यायचं. पन्नास वर्षं शुद्धलेखन तपासलेल्या बाईला दुसरं काय सुचणार? पण हे पान फार उपयोगी पडलं. तुम्हीही करून बघा.

त्याच पानावर एक मोठं वर्तुळही काढलं होतं. लॅपटॉपचा पडदा आडवा, सोळास नऊ या प्रमाणाचा. आमचं यंत्र जुन्या पद्धतीचं, चारास तीनचं. जमवून घ्यायच्या नादात यंत्र चित्र उभं ताणायचं आणि पृथ्वी कोंबडीच्या अंड्यासारखी दिसायची. पृथ्वी ध्रुवांपाशी किंचित चपटी आहे असं आयुष्यभर शिकवलेल्या बाईने हे कसं सहन करावं? भिंतीवरच्या वर्तुळाला सुतळी लावून आडवं आणि उभं माप घेतलं, मग लॅपटॉपमध्येच १०२४ बाय ७६८ हा आकार निवडला. वर्तुळ गोल झालं. शिवाय लॅपटॉपचा एक ठिपका यंत्राच्या एकाच ठिपक्यावर बसायला लागला, त्यामुळे अक्षरंही आणखी सुटी दिसायला लागली.

इतकं सगळं झाल्यावर मेनूची पाळी. बहुतेक लोक सुरुवात इथूनच करतात. चित्र अंधूक दिसलं की ब्राइटनेस वाढवतात. नावावरून वाटतं की याने उजेड वाढेल. दिव्याचा उजेड तेवढाच राहतो, वर येतो तो चित्रातला काळोख. काळं राखाडी होतं आणि सगळं चित्र धुतल्यासारखं दिसतं. साधा हिशोब असा, की ब्राइटनेस काळ्या टोकासाठी आणि कॉन्ट्रास्ट पांढऱ्या टोकासाठी. मी काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत दहा उभे पट्टे एका पानावर काढले. सर्वांत काळे दोन पट्टे एकमेकांपासून वेगळे दिसतील तिथे ब्राइटनेस थांबवायचा, आणि सर्वांत पांढरे दोन वेगळे दिसतील तिथे कॉन्ट्रास्ट. दोन-तीनदा आलटूनपालटून केलं की बसतं. आमच्या यंत्रात ब्राइटनेस शेवटच्या टोकाला नेऊन ठेवलेला होता. तो खाली आणल्याबरोबर चित्र उजळलं! मुख्याध्यापक सरांना हे पटेना, म्हणून पुन्हा वर नेऊन दाखवलं.

त्यानंतर चित्राचे तयार प्रकार. सगळ्यांत झगझगीत प्रकाराचं नाव बहुधा डायनॅमिक असतं, त्यात चित्राला हिरवट झाक येते. पाऱ्याच्या वाफेच्या दिव्यात हिरव्या प्रकाशाचा वाटा जास्त असतो. तो सगळाच्या सगळा वापरला की उजेड मिळतो, पण माणसांचे चेहरे आजारी दिसतात. भर दुपारी नुसता मजकूर दाखवायचा असेल तर चालेल. नकाशे आणि चित्रं असतील तर जरा मवाळ प्रकार घ्यावा.

आता रंग. इथे मात्र मी रिमोट खाली ठेवला. तेव्हा माझ्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि दुसऱ्याचं व्हायचं होतं. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळट होत जातं, आणि हे इतकं सावकाश होतं की आपल्याला पत्ताच लागत नाही. ऑपरेशन झालेल्या डोळ्याने तो पांढरा चौकोन मला निळसर शुभ्र दिसत होता आणि दुसऱ्याने पाहिला की दुधाच्या चहासारखा. एकच भिंत, एकच बाई, आणि दोन रंग! म्हटलं, ज्याचे डोळेच एकमेकांशी सहमत नाहीत त्याने रंग लावू नयेत. ज्यांनी बघायचं त्यांनाच ठरवू दे. सातवीतल्या दोघांच्या हातात रिमोट दिला आणि महाराष्ट्राच्या सहा प्रशासकीय विभागांचा रंगीत नकाशा लावला. पुणे विभाग विटकरी, छत्रपती संभाजीनगर विभाग शेवाळी, असे रंग होते.

दोघांचं काही जमेना. एक म्हणे झालं, दुसरा म्हणे नाही झालं. "पुणे कुठं संपतंय तेच दिसंना," असं तो म्हणत राहिला. पहिल्याने त्याला वेड्यात काढलं. तो रिमोटची बटणं दाबत राहिला, रंग गडद झाले, फिके झाले, आणि शेवटी रिमोट माझ्या हातात देऊन तो मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसला.

हा मुलगा मला गोष्टींच्या तासाला माहीत होता. हुशार, पण नकाशात रंग भरण्यात 'निष्काळजी' असं त्याच्या वहीवर लाल शाईत पुन्हा पुन्हा लिहिलेलं. मी वही मागून घेतली. जंगल तपकिरी आणि डोंगर हिरवा. निष्काळजीपणे केलेलं काम वेगळं दिसतं हो! याने तर रेषेच्या बाहेर एक फराटासुद्धा जाऊ दिला नव्हता.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. त्याच्या आईला बोलावून घेतलं आणि दोघांना वाईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यांनी ते रंगीत ठिपक्यांतून आकडे ओळखायचं पुस्तक दाखवलं. शिनोबु इशिहारा नावाच्या जपानी डॉक्टरांनी १९१७ साली प्रसिद्ध केलेली ही चाचणी अजूनही जगभर वापरतात. मुलाला लाल-हिरव्यातला फरक नीट कळत नाही, असं निघालं. हे जन्मतःच असतं आणि मुलींपेक्षा मुलग्यांत कितीतरी जास्त आढळतं. याचा डोळ्यांच्या तेजाशी किंवा बुद्धीशी काही संबंध नाही. अणुसिद्धांत मांडणारे जॉन डाल्टन यांना स्वतःला असं होतं आणि १७९४ साली त्यांनी स्वतःच्याच दृष्टीबद्दल निबंध वाचला होता. हे त्या मुलाला सांगितलं. डाल्टन सातवीच्या मुलाला कुठून माहीत असणार, पण एका मोठ्या शास्त्रज्ञालाही पुणे कुठं संपतं ते दिसलं नसतं, हे ऐकून त्याचा चेहरा जरा सैल झाला. आई मात्र रडली. ती म्हणाली, "मी त्याला रंगांवरनं मारलंय, बाई." मी तिला म्हटलं, तुम्हाला कुणी सांगितलं होतं का? ज्यांना शिकवायचा पगार मिळतो त्यांच्यासुद्धा लक्षात आलं नाही.

यावर औषध नाही, आणि यंत्राच्या मेनूतही उपाय नाही. उपाय नकाशातच करायचा होता. आम्ही विभागांच्या सीमा जाड काळ्या केल्या, प्रत्येकावर नाव लिहिलं, एकात तिरप्या रेघा, दुसऱ्यात ठिपके घातले, आणि विटकरी-शेवाळी काढून निळा आणि पिवळा घेतला. तो मुलगा मागून ओरडला, "आता दिसतंय!" आणि गंमत म्हणजे बाकीच्यांनाही नकाशा पहिल्यापेक्षा चांगला कळायला लागला. आता शाळेत नवा नकाशा किंवा तक्ता आला की तो आधी त्याला दाखवतात. तो 'पास' म्हणाला तरच भिंतीवर येतो.

मला राहून राहून एक वाटतं. हे यंत्र कपाटातच राहिलं असतं तर? किंवा यंत्राशेजारी उभं राहून कुणीतरी मोठ्या माणसाने रंग लावून टाकले असते, आणि "दिसतंय ना रे?" असं विचारलं असतं तर? सगळ्यांनी एका सुरात "हो" म्हटलं असतं. वर्गात "समजलं का?" ला जे उत्तर मिळतं तेच. म्हणून आता आम्ही तसं विचारत नाही. शेवटच्या बाकावरच्याला उभं करून "काय दिसतंय ते वाच" म्हणतो. या दोन प्रश्नांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. हे मला नोकरीत ठाऊक होतंच, पण त्याचा असा पुरावा या यंत्राने दिला.

तशी ही विद्या आपल्याकडे जुनी आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२ च्या सुमारास 'शांबरिक खरोलिका' नावाने मॅजिक लँटर्नचे खेळ सुरू केले, म्हणजे सिनेमा भारतात यायच्याही आधी. काचेच्या पट्ट्यांवर हाताने रंगवलेली चित्रं, मागे दिवा, पुढे भिंग आणि सोबत तोंडी कथन. त्यांनाही अंधार लागत असणार, अंतर मोजावं लागत असणार, आणि भिंग पुढेमागे करताना मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडत असणारच. यंत्रं बदलली, पण मागची रांग तीच आहे.

निगराणीचंही थोडं सांगते. आमच्या यंत्रात जुन्या पद्धतीचा दिवा आहे. तो किती तास जळला ते मेनूत दिसतं. असे दिवे साधारण काही हजार तास टिकतात आणि हळूहळू मंद होत जातात. इको प्रकारावर ठेवला की उजेड थोडा कमी, पण आयुष्य जास्त आणि पंख्याचा आवाजही कमी, म्हणजे गुरुजींचा आवाज मागपर्यंत पोचतो. हवेची जाळी महिन्यातून एकदा साफ करायची. आपल्याकडे खडूची धूळ काही कमी नसते. बंद केल्यावर पंखा थांबेपर्यंत प्लग काढायचा नाही, ही जुन्या दिव्यांची शिस्त आहे. हल्ली लेझर आणि एलईडीची यंत्रं मिळतात, त्यांना दिवा बदलायची कटकट नसते. पण खोली, भिंत, अंतर आणि शेवटचा बाक त्यांनाही चुकलेला नाही.

ती दोनशे रुपये देणारी बाई गेल्या महिन्यात पालकसभेला आली होती. मुलांनी नदीच्या उगमाचा धडा लावला होता, कृष्णेचा. ती दाराशी उभी राहून बघत होती. मी म्हटलं, आत येऊन बसा की. ती शेवटच्या बाकावर नातीशेजारी बसली आणि नात तिला भिंतीवरची नावं वाचून दाखवत होती, महाबळेश्वर, धोम, वाई, माहुली, कऱ्हाड. तिला वाचता येत नाही, पण धोमचं धरण तिने लगेच ओळखलं.

तेव्हा मंडळी, तुमच्या माहितीतल्या एखाद्या शाळेत, वाचनालयात, देवळाच्या सभागृहात कपाटात असा प्रोजेक्टर पडलेला असेल तर एक दुपार काढून जाऊन बघा. नवीन घ्यायच्या आधी सतरंजी, डिस्टेंपर, सुतळी आणि चार विटा एवढं सामान न्या. चाचणीपान हवं असेल तर मला कळवा, मी पाठवून देईन. त्यात अनुस्वाराची एखादी चांगली जोडी सुचली तर तीही कळवा, मी भर घालेन.